वकीलआत्याच्या पाठीवरचा हत्ती

आधी एक टेबल डोळ्यांसमोर आणा. मोठं, लाकडी, डुगडुगू नये म्हणून एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारलेलं. आणलंत? आता त्यावर एक काळं कापड पसरा आणि कापडावर एक हत्ती कुशीवर झोपवा. घाबरू नका, टेबल मोडणार नाही. हत्ती कापडाचाच आहे. उशीएवढा, राखाडी, आणि त्याचा एक कान दोऱ्यावर लोंबकळतो आहे. हत्तीशेजारी एक मुलगी उभी करा. तिच्या तोंडाला रुमाल बांधा आणि हातात सुई द्या. बाजूच्या खुर्चीवर एक आजोबा बसवा आणि त्यांच्या हातात टॉर्च द्या. खिडक्यांचे पडदे मात्र ओढून घ्या, बाहेरचा उजेड आत यायला नको. झालं? मग तुम्ही आता ऑपरेशनच्या खोलीत आहात. जरा हळू बोला.

त्या मुलीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं. घरात तिला सगळे खटपट म्हणत. का म्हणत, हे तिच्याबरोबर थोडा वेळ काढलेल्या माणसाला सांगावं लागत नसे. त्या सुट्टीत तिनं खेळण्यांचं हॉस्पिटल काढलं होतं आणि ते आत्याच्या खोलीत भरवलं होतं, कारण घरातलं सगळ्यांत मोठं टेबल तिथे होतं.

आत्या वकील होती. ती त्या वेळी वर गच्चीवर येरझाऱ्या घालत भाषणाची तालीम करत होती. संध्याकाळी तिला शहरातल्या सगळ्या वकिलांपुढे बोलायचं होतं. नोकरी, डॉक्टरांच्या चुका आणि विश्वस्त, या तीन बाबतींत गेल्या वर्षभरात कोर्टांनी काय नवं ठरवलं, असा विषय होता. तिला असं पहिल्यांदाच बोलावलं होतं, त्यामुळे दुपारी ती जेवलीही उभ्यानंच.

आणि दाराबाहेर स्टुलावर बसला होता भोंगा. भोंगा म्हणजे खटपटचा धाकटा भाऊ. तो रडायला लागला की समोरच्या इमारतीतले लोक खिडक्या लावून घेत, म्हणून त्याचं नाव भोंगा. हत्ती त्याचा होता. हत्तीशिवाय तो झोपत नसे, जेवत नसे आणि केस कापून घेत नसे.

"नीट सांभाळ हं, ताई," हत्ती दोन्ही हातांनी पुढे करत तो म्हणाला होता. "फक्त कान."

"फक्त कान," खटपट म्हणाली होती. "आता बाहेर बस. पेशंटचे नातेवाईक बाहेर बसतात."

हॉस्पिटलात नोकरीला एकटे आजोबाच होते. त्यांना टॉर्च धरायला नेमलं होतं, पण कामाला लागल्यावर कामं वाढत गेली. टॉर्च धरा, दोरा ओवा, माश्या हाकला, माझा घाम पुसा. आजोबांनी सगळं निमूटपणे केलं. मग खटपट म्हणाली, "आता पेशंटला भूल द्या."

"भूल? ती कशी देतात गं?"

"अंगाई म्हणा. झोपला की झालं."

आता तुम्हीच विचार करा. भरपेट जेवण झालेलं, खोलीत अंधार, पाठीशी मऊ उशी, आणि वर अंगाई म्हणायची. हत्तीचे डोळे बटणांचे. ते काही मिटले नाहीत. आजोबांचे मिटले. दुसऱ्या ओळीच्या मधोमध अंगाई थांबली आणि घोरणं सुरू झालं. टॉर्च त्यांच्या मांडीवरून घरंगळला आणि कपाटाचा खालचा कप्पा उजळून निघाला.

कान तोवर लावून झाला होता, आणि चांगला लागला होता. खटपट तिथेच थांबली असती तर ही गोष्टही इथेच संपली असती. पण सुईत दोरा अजून शिल्लक होता. तिनं हत्तीच्या पोटावर हात फिरवला. पोट तिला खपाटीला गेल्यासारखं वाटलं.

"हात लागलाच आहे तर हेही करून टाकू," ती स्वतःशीच म्हणाली.

गच्चीवरून आत्याचा आवाज खिडकीतून आत आला. "मित्रहो, डॉक्टरांनी ज्या गोष्टीला रुग्णाची परवानगी घेतली, तेवढीच करावी!"

आत्या डॉक्टरांबद्दल बोलते आहे, म्हणजे एका परीनं आपल्याबद्दलच, असं वाटून खटपटला फार बरं वाटलं. तिनं पोटाची शिवण उसवली. खुर्चीवर एक पांढरी, मऊ, नीट घडी घातलेली पट्टी पडली होती, ती आत कोंबली. मग अंधारात, हातानं चाचपत, शिवण परत घातली. पुन्हा कधी उसवू नये म्हणून टाके चांगले खोल घेतले. सुई जरा जड जात होती. हत्ती जाड झाला म्हणून असेल, असं तिला वाटलं.

"ताई, झालं का?" बाहेरून भोंगा.

"झालंच!"

मग तिनं पडदे उघडले आणि आजोबांना हलवलं. "आजोबा, तुम्ही कामावर झोपलात. तुमची नोकरी गेली."

"कधी?"

"आत्ता."

"असं होय," आजोबा डोळे चोळत म्हणाले. "मी घरी जाऊ का मग?"

"तुम्ही घरीच आहात."

तेवढ्यात आत्या वाऱ्यासारखी आत आली. "उशीर झाला, उशीर झाला! माझा डगला कुठाय? गळपट्टी कुठाय? आत्ता तर खुर्चीवर ठेवली होती!"

वकिलांचा काळा डगला तुम्ही पाहिला असेल, आणि गळ्याला बांधायची ती पांढरी पट्टीही. खटपटनं टेबलावरच्या काळ्या कापडाकडे पाहिलं. त्याला बाह्या होत्या. डाग दिसू नयेत म्हणून तिनं मुद्दाम काळं कापड निवडलं होतं.

आत्यानं डगला उचलला. डगल्याबरोबर हत्तीही उचलला गेला. आत्यानं डगला झटकला. हत्तीनं एक गिरकी घेतली आणि परत डगल्याला येऊन चिकटला. पोटाच्या प्रत्येक टाक्यात डगल्याच्या पाठीचं कापड पक्कं अडकलेलं होतं.

"टाके मात्र मजबूत घातलेत हो," आजोबा कौतुकानं म्हणाले.

आत्यानं कपाळाला हात लावला, मग कात्री उचलली. आणि नेमका त्याच वेळी भोंगा दारात येऊन उभा राहिला.

"कापायचं नाहीऽऽऽ!"

समोरच्या इमारतीत धडाधड खिडक्या बंद झाल्या.

"अरे राजा, दोन मिनिटांचं काम आहे," आत्या म्हणाली.

भोंगा धावत आला. त्यानं कान पाहिला. मग त्याला पोट दिसलं, आणि भोंगा एकदम बंद झाला. ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

"पोटाला काय झालं?"

"काही नाही रे, थोडंसं भरलं," खटपट म्हणाली. "हडकलं होतं ते."

"मी कान सांगितला होता."

"हो, पण..."

"फक्त कान सांगितला होता. मी तुला आता काहीच देणार नाही, ताई. कध्धीच नाही."

हे तो ओरडून म्हणाला असता तर खटपटनं उलट उत्तर दिलं असतं. पण तो हळू म्हणाला. खटपटनं तोंडावरचा रुमाल खाली ओढला. भोंगा आजवर आपल्या सगळ्या वस्तू तिच्याच हवाली करत आला होता. पडलेला दातसुद्धा. आता तो तिच्याकडे अनोळखी बाई घरात शिरल्यासारखा बघत होता.

आत्या कात्री हातात धरून उभी होती. तिनं कात्रीकडे पाहिलं, भोंग्याकडे पाहिलं आणि कात्री खाली ठेवली.

"काप की," आजोबा म्हणाले. "पाच वर्षांचा आहे तो."

"म्हणून त्याचा हत्ती माझा होतो का, बाबा? थोड्या वेळानं व्यासपीठावर उभी राहून मी सांगणार, की विचारल्याशिवाय कुणाला कापू नका. आणि घरून काय करून जाऊ? त्यानं नाही म्हटलंय."

"मग दुसरा डगला घाल."

"लॉन्ड्रीत आहे. आणि डगल्याशिवाय दारावरचा माणूस वकिलाला आत सोडत नाही. न्यायाधीशांनाही सोडत नाही."

मग काय करते बिचारी! तिनं तसाच डगला चढवला. हत्ती तिच्या पाठीवर असा बसला, जणू दमून पाठुंगळीला बसलाय.

ती मिरवणूक रस्त्यानं निघाली. पुढे ताठ मानेनं आत्या. तिच्या मागे, हत्तीला एकटं वाटू नये म्हणून त्याचा पाय धरून चालणारा भोंगा. त्याच्या बरीच मागे सुई-दोरा आणि कात्री घेतलेली खटपट, कारण जवळ आलं की भोंगा नुसता वळून बघायचा. आणि सगळ्यांत शेवटी बिननोकरीचे आजोबा, खिशात टॉर्च घेऊन. बसमध्ये आत्याला मागे टेकता येईना. ती सीटच्या कडेवर बसून राहिली.

"बाई, हत्तीचं तिकीट?" कंडक्टर म्हणाला.

"तो मांडीवर बसलाय असं समजा."

"मांडी या बाजूला नसते, बाई," कंडक्टर म्हणाला, पण पुढे गेला.

सभागृहात आत्यानं एक युक्ती केली. ती खेकड्यासारखी भिंतीला पाठ लावून आत सरकली, हत्तीचा पाय धरलेल्या भोंग्यासकट तशीच पायऱ्या चढली आणि त्याला पाठीमागे लपवून माइकपुढे उभी राहिली. समोर बसलेल्या वकिलांना फक्त तिचं तोंड दिसत होतं. सगळं ठीक चाललं होतं. पण भाषण करणाऱ्याच्या मागे कोण बसतं? अध्यक्ष बसतात. हे आत्या साफ विसरली होती.

अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश होते, फार कडक. ते हसल्याचं त्यांच्या घरातल्यांनाही आठवत नसे. आत्या बोलायला लागली आणि अध्यक्षांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला. पाण्याचा घोट घेतला. पेल्यात वाकून पाहिलं, पाणीच आहे ना म्हणून. शेवटी त्यांना राहवेना.

"वकीलबाई, तुमच्या पाठीवर हत्ती आहे."

"हो साहेब, मला कल्पना आहे."

"त्याचा पाय धरून एक मूल उभं आहे."

"ते मालक आहेत, साहेब."

"आणि तुमची गळपट्टी?"

"माझ्या अंदाजानं, हत्तीच्या पोटात."

सभागृहात असा हशा उसळला की दारावरचा माणूस धावत आत आला आणि हत्तीला डगला आहे की नाही ते बघू लागला. आत्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. क्षणभर तिला वाटलं, इथून पळत सुटावं. मग तिनं हातातले कागद घडी करून ठेवले आणि सरळ सगळ्यांकडे पाठ केली.

"बघून घ्या नीट," ती पाठमोरीच म्हणाली. "मी तीन प्रकारच्या नव्या निकालांवर बोलणार होते. ते तिन्ही आज दुपारी माझ्या टेबलावर मोडले गेले. ह्या मुलानं आपला हत्ती विश्वासानं बहिणीकडे सांभाळायला दिला. असं दुसऱ्याचं सांभाळतो तो विश्वस्त. वस्तू त्याच्या हातात असते, पण त्याची होत नाही. डॉक्टरांना परवानगी होती कानाची, त्यांनी केलं पोट, आणि आत माझी पट्टी विसरल्या. आणि हाताखालच्या माणसाला त्याचं म्हणणं न ऐकता कामावरून काढलं." मग बसमध्ये कळलेली अंधाराची, टॉर्चची, अंगाईची आणि घोरण्याची हकिगतही तिनं सांगून टाकली.

एवढं पुरे होतं. समोर सगळे वकील, आणि भांडायला आयती केस! एक जाडजूड वकील उठून उभे राहिले. "मी हत्तीतर्फे बोलतो!"

"तुम्हाला हत्तीनं नेमलंय का?" मागून कुणीतरी.

"त्याच्याकडे बघा, तो नाही म्हणतोय का?"

एक सडपातळ वकीलबाई खुर्चीवरच चढल्या. "आणि त्या आजोबांचं काय? नेमलं टॉर्च धरायला आणि म्हणायला लावली अंगाई! अहो, झोप यावी म्हणूनच ती म्हणतात! ही कामामुळे लागलेली झोप आहे!"

"मीही हेच सांगणार होतो," आजोबा शेवटच्या रांगेतून म्हणाले. "पण मला कुणी विचारलंच नाही."

"ऐका! विचारलंच नाही!"

"डगल्याची बाजू कुणी घेणार आहे की नाही?" तिसऱ्याच कोपऱ्यातून एक किरटा आवाज आला. "त्याला तर भूलही दिली नव्हती!"

अध्यक्षांनी टेबलावर पेला आपटला. "शांतता! डॉक्टर कुठे आहेत?"

खटपट उभी राहिली. रुमाल अजून गळ्यातच होता. जाडजूड वकील लगेच तिच्याकडे वळले. "घाबरू नकोस, बाळ. हवं तर मी तुझ्याकडून बोलतो. खोलीत अंधार होता, टॉर्च पडला होता, बाजूला घोरणं चाललं होतं. तुझा काही दोष नाही!"

"तुम्ही हत्तीकडून होता ना?"

"मी दोन्हीकडून बोलू शकतो."

"नको," खटपट म्हणाली. "अंधार झाला तेव्हा मी थांबायला हवं होतं. आणि पोट त्यानं सांगितलंच नव्हतं."

ती व्यासपीठावर चढली आणि भोंग्यापुढे उकिडवी बसली. त्यानं हत्तीचा पाय घट्ट धरला.

"मी हात लावत नाहीये," ती म्हणाली. "नुसतं सांगू का, काय करावं लागेल ते? नको म्हणालास तर आत्या हत्तीसकट घरी येईल, आणि उद्या कोर्टातही तशीच जाईल."

आत्यानं मान वळवून पाठीवरच्या हत्तीकडे पाहिलं.

भोंग्यानं विचार केला. "सांग."

"पोटाचे टाके कापायचे. मग तो सुटेल. आतली पट्टी काढायची. मग पोट परत शिवायचं."

"दुखेल त्याला?"

खटपट नाही म्हणणार होती. नाही म्हणणं सोपं होतं. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "मला कधी कुणी उसवलेलं नाहीये."

"आवाज होईल?"

"कच् असा. बारीक."

"मग पोट कसं होईल?"

"पहिल्यासारखं. मऊ. तू डोकं ठेवायचास तसं."

सगळं सभागृह पुढे वाकून ऐकत होतं. किरट्या आवाजाचे वकील तर खुर्चीवरून अर्धे उठले होते.

"टॉर्च आजोबाच धरणार?" भोंग्यानं विचारलं.

"त्यांना मी काढून टाकलंय."

"मग परत घे."

खटपट शेवटच्या रांगेकडे वळली. "आजोबा, चुकलं माझं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. येता का परत?"

आजोबांनी हनुवटी खाजवली. इतक्या वकिलांसमोर लगेच हो म्हणणं त्यांना बरं दिसेना. "दुपारची झोप हवी," ते म्हणाले. "आणि अंगाई दुसऱ्या कुणी म्हणायची."

"कोण म्हणणार?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. अध्यक्ष खाकरले. "मी म्हणतो," ते म्हणाले, आणि कुणी काही बोलायच्या आत सुरू झाले. आवाज असा होता की मागच्या रांगेत डुलक्या काढणारे दोघे दचकून जागे झाले. कुणालाही झोप लागण्याची भीती उरली नाही.

"बरं," भोंगा म्हणाला. "पण फक्त पोट."

"फक्त पोट. कानाला हातसुद्धा लावणार नाही."

मग भोंग्यानं एक एक बोट सोडत हत्तीचा पाय सोडला.

आजोबांनी टॉर्च लावला. आत्या खांबासारखी उभी राहिली. कच्, कच्. हत्ती डगल्यावरून सुटला आणि खटपटच्या हातात आला. तिनं त्याला अध्यक्षांच्या टेबलावर झोपवलं आणि पोटातून पांढरी पट्टी ओढून काढली. ती थोडी चुरगळली होती. आत्यानं ती तशीच गळ्याला बांधली आणि वकिलांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांना वाटलं, टाळ्या गाण्याला आहेत. ते आणखी पुढे वाकून, हत्तीच्या अगदी कानाशी येऊन म्हणू लागले.

खटपटनं सुई हातात घेतली. दोरा ओवला, गाठ मारली. शिवणीच्या दोन्ही कडा बोटांत जुळवून धरल्या. भोंगा टेबलाच्या काठावर हनुवटी टेकून बघत होता.

आणि पहिला टाका घालण्याआधी तिनं सुई बाजूला ठेवली, दोन्ही हातांनी हत्तीला वर उचललं आणि वाकून खाली पाहिलं.

हत्तीखाली अध्यक्षांच्या डगल्याची बाही होती.

"साहेब," खटपट म्हणाली, "हात काढता का जरा?" आणि त्यांनी तो काढेपर्यंत ती हत्ती उचलून धरून थांबली.